काकांचं एक्सपी मशीन घरच्या नेटवर्कवर, पण इंटरनेटशिवाय: ठाण्याच्या नौपाड्यातल्या कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२४

काकांचं डीटीपीचं (संगणकावर छपाईची पानं लावण्याचं) काम अजून विंडोज एक्सपीवर चालतं आणि ते तिथेच चालू ठेवायचं, हे आधीच ठरलंय. पानं लावायचं पेजमेकर ७ आणि मराठी फाँटांचं श्रीलिपी त्याच मशीनवर आहे. त्यांच्याकडच्या श्रीलिपीचं डाँगल, म्हणजे जिच्याशिवाय ते चालत नाही ती किल्ली, पॅरलल पोर्टवर (जुन्या प्रिंटरच्या खाचेवर) बसतं, आणि घरगुती वापराच्या नव्या मशीनला हा पोर्टच नसतो. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, दुकानांची बिलबुकं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, सगळं त्या जुन्या फाँटांत आहे. दुसरीकडे उघडलं की रफार एकीकडे आणि वेलांटी भलतीकडे. त्यामुळे "नवा लॅपटॉप घेऊन टाका" हा सल्ला इथे कामाचा नाही. कोणाच्या घरात किंवा दुकानात असंच एखादं मशीन एका सॉफ्टवेअरपायी ठेवावं लागत असेल, तर त्यांच्यासाठी या नोंदी ठेवतेय.

दुखणं दोन ठिकाणी आहे. फाइल प्रेसला न्यायची तर पेन ड्राइव्ह, आणि तो परत येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन येतो. फोल्डर दिसेनासे होतात, त्यांच्या जागी शॉर्टकट उरतात. दुसरं म्हणजे हार्ड डिस्क आता चालू होताना कट्-कट् वाजते. त्या ८० जीबीच्या डिस्कची प्रत आजवर कुठेही नाही. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रांग लागते, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याआधी हे काम हातावेगळं व्हायला हवं.

घरात असलेली सामग्री:

काकांचं मशीन पेंटियम ४, १ जीबी रॅम, एक्सपी सर्व्हिस पॅक ३, मदरबोर्डवरच १०० एमबीपीएसचा लॅन पोर्ट. हे आतल्या खोलीत आहे.

माझं जुनं कोअर २ ड्युओ, ४ जीबी रॅम. माळ्यावर होतं, आज खाली काढून ब्रशने झाडलं. यात ५०० जीबीची साटा डिस्क आहे आणि बोर्डवर गिगाबिट पोर्ट. खोक्यात रिअलटेक ८१३९ चं पीसीआय कार्डही सापडलं. लिनक्स ते काही न विचारता ओळखतं.

काकूंचा विंडोज १० चा लॅपटॉप, वायफायवर. गिऱ्हाइकांचे ईमेल आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो यावर येतात.

आराखडा असा. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ नंतर आधार देणं थांबवलं, म्हणून ते मशीन राउटरला जोडायचंच नाही. मध्ये कोअर २ ड्युओ ठेवायचं, त्याला दोन नेटवर्क कार्डं. एका कार्डाची वायर फक्त काकांच्या मशीनकडे, दुसऱ्याची राउटरकडे. मधलं मशीन दोन्हीकडे बोलेल, पण एका बाजूचं बोलणं दुसऱ्या बाजूला सोडणार नाही. काकांची फाइल मधल्या मशीनवर येईल आणि तिथून काकू उचलतील.

२९ सप्टेंबर

नेटवर्कला हात लावण्याआधी डिस्कची प्रत. हा क्रम कोणीही बदलू नये. वाजणारी डिस्क नेटवर्कवरून फाइल फाइल करून ओढत बसलं तर ती मध्येच मान टाकू शकते.

स्टेशनजवळच्या दुकानातून आयडीई (जुन्या डिस्कची रुंद जोडणी) ते यूएसबी ॲडॉप्टर आणला, ५५० रुपये. डिस्क काढून जोडली, फिरायला लागली, पण मधल्या मशीनवर दिसेना. दुसरी वायर, दुसरा पोर्ट, तरी नाही. शेवटी डिस्कच्या मागचा जंपर पाहिला. पॉवरच्या आणि डेटाच्या खाचेमध्ये पिनांच्या जोड्या असतात, त्यातल्या एका जोडीवर ती काळी टोपी बसवलेली होती, 'केबल सिलेक्ट' वर. चिमट्याने उचलून 'मास्टर' वर बसवली आणि डिस्क लगेच दिसली. कुठली जोडी कशासाठी, ते डिस्कच्या लेबलवर छापलेलं असतं. परत जोडताना लागेल म्हणून आधीचा फोटो काढून ठेवा.

प्रत घ्यायला डीडीरेस्क्यू हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम वापरतेय. डिस्कवर खराब जागा आली की साधी कॉपी तिथेच अडते. हे आधी पुढे जाऊन चांगला भाग उचलतं आणि मग अडलेल्या जागांकडे परत वळतं. कुठपर्यंत आलोय याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. डिस्कवर टेबल फॅन लावून ठेवला.

३० सप्टेंबर

चांगला भाग काल दुपारीच उतरला होता. उरलेल्या चिमूटभर जागेने रात्र घेतली. १४८ केबी वाचताच आलं नाही.

ते १४८ केबी कोणत्या फाइलींत होते हे शोधायची एक युक्ती आहे. इमेजची, म्हणजे एका फाइलीत उतरवलेल्या अख्ख्या डिस्कची, आणखी एक प्रत करायची, डीडीरेस्क्यूला त्या प्रतीत न वाचलेल्या जागी एक ठरावीक शब्द भरायला सांगायचं, आणि मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायचा. विंडोजच्या तात्पुरत्या फाइली निघाल्या, आणि एका हॉटेलच्या जुन्या मेनू कार्डाची फाइल. काका म्हणाले, "ते हॉटेल बंद होऊन जमाना झाला, जाऊ दे." जीव भांड्यात पडला.

इमेज उघडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्सपीच्या काळात पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. म्हणजे इमेज माउंट करताना (डिस्कसारखी उघडताना) ६३ गुणिले ५१२, ३२२५६ बाइट सोडून पुढे जायचं. हा आकडा दिला नाही तर "फाइल सिस्टिम ओळखू येत नाही" असं उत्तर येतं आणि प्रतच बिघडली असं वाटून धस्स होतं. इमेज 'फक्त वाचन' पद्धतीनेच उघडायची.

याच खटपटीत काकांच्या मशीनची सीआर२०३२ बॅटरी बदलली, ३० रुपये. रोज सकाळी मशीन एफ१ दाबायला लावायचं आणि तारीख २००२ दाखवायचं, त्याचं कारण हीच. काकांना त्याची सवय झाली होती, पण पुढे बॅकअप तारखेवर चालणार आहे, त्यामुळे हे आधी.

२ ऑक्टोबर

सुट्टी, म्हणून सगळं टेबलावर मांडलं. मधल्या मशीनवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. कोअर २ ड्युओ ६४ बिटचा असल्याने नेहमीचीच आवृत्ती चालली. कोणाकडे ३२ बिटचाच प्रोसेसर असेल तर डेबियन १२ ला त्यासाठीही इन्स्टॉलर आहे.

भिंतीत वायर घालण्याआधी दोन्ही मशीन शेजारी ठेवून छोट्या पॅच कॉर्डने जोडून पाहिली. आधी ८१३९ कार्ड काकांच्या बाजूला लावलं होतं. दिवा लागेना, दोन्हीकडे अंधार. वायर चांगली होती. मुद्दा असा की जुनी १०० एमबीपीएसची दोन कार्डं मध्ये स्विच न ठेवता थेट जोडली तर क्रॉसओव्हर वायर लागते, कारण दोन्ही कार्डं एकाच जोडीवरून बोलतात आणि एकाच जोडीवर ऐकतात. गिगाबिट पोर्ट मात्र समोर काय आहे ते पाहून आपणच अदलाबदल करून घेतो. मग क्रॉसओव्हर बनवत न बसता कार्डांची कामं बदलली. बोर्डवरचा गिगाबिट पोर्ट काकांकडे, ८१३९ राउटरकडे. दिवा लागला. घराच्या बाजूला वेग १०० वर अडकेल, पण पत्रिकेची फाइल असते केवढी!

पत्ते असे दिले. घरचा राउटर १९२.१६८.१ ची मालिका वाटतो, म्हणून काकांच्या बाजूला वेगळी मालिका. मधलं मशीन १९२.१६८.५०.१, काकांचं १९२.१६८.५०.२, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवेची आणि डीएनएसची चौकट रिकामी ठेवायची. ही रिकामी चौकट महत्त्वाची, कारण आपल्या मालिकेबाहेर जायचा रस्ताच मशीनला माहीत नसतो. डेबियनमध्ये एका कार्डावरून दुसऱ्यावर डेटाची पाकिटं पुढे सोडण्याची सोय मुळात बंदच असते. ती तशीच बंद आहे याची खात्री केली.

काकांच्या मशीनवरून मधल्याला पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का हे पाहणारी हाक) गेलं. ८.८.८.८ ला पिंग केलं तर "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल". हेच हवं होतं.

उलट बाजूने मात्र, म्हणजे डेबियनवरून काकांच्या मशीनला, पिंग जाईना. यात बराच वेळ गेला. वायर बदलली, पत्ते परत टाकले. कारण एक्सपीचं स्वतःचं फायरवॉल. सर्व्हिस पॅक २ पासून ते चालूच येतं आणि पिंगला उत्तर देत नाही. फायरवॉल बंद करायची गरज नाही. एका बाजूने पिंग जातंय म्हणजे वायर आणि पत्ते दोन्ही ठीक आहेत.

५ ऑक्टोबर

वायर ओढली. आमची इमारत जुनी आहे, भिंती जाडजूड. आतल्या खोलीत वायफाय तसंही धड पोचत नाही. हॉलमधून चौकटीवरून आतपर्यंत १८ मीटर. वायरमनने दोन भोकं पाडली आणि केसिंग-कॅपिंगची पट्टी मारली. लाईटच्या वायरींपासून लांब ठेवायला सांगितलं होतं, फक्त एका कोपऱ्यात इलाज नव्हता, तिथे काटकोनात ओलांडली.

आरजे-४५ चे प्लगही त्यानेच दाबले. त्याच्याकडचा टेस्टर लावला, १ ते ८ सगळे दिवे ओळीने लागले. मशीन जोडली, पोर्टचा दिवा लागला, पिंग गेलं.

मग एक ४० एमबीची फाइल पाठवून पाहिली. थोडी सरकली आणि थांबली, पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. टेबलावर हीच दोन मशीनं व्यवस्थित बोलत होती. नवीन काय आहे, तर फक्त वायर.

६ ऑक्टोबर

सापडलं. ज्यांना स्वतः प्लग दाबायचे आहेत त्यांनी हा भाग नीट वाचा, कारण टेस्टर ही चूक पकडत नाही.

डेबियनवर कार्डाची आकडेवारी पाहिली तर येणाऱ्या पाकिटांत चुकांचा आकडा चढत होता. म्हणजे सिग्नल पोचतोय, पण फाटका. प्लग खिडकीच्या उजेडात धरून रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीला जोडी लावून शेजारी शेजारी. दुसऱ्या टोकालाही तसंच. दिसायला नेटकं आणि दोन्ही टोकं एकसारखी, म्हणून टेस्टरला सगळं बरोबर वाटतं. टेस्टर एवढंच पाहतो की पहिली तार पहिलीला पोचली का, दुसरी दुसरीला पोचली का.

पण १०० एमबीपीएसचं इथरनेट १ आणि २ ही एक जोडी धरतं आणि ३ आणि ६ ही दुसरी. वरच्या रचनेत ३ वर पांढरा-हिरवा येतो आणि ६ वर निळा. या दोन तारा एकमेकींना पिळलेल्याच नाहीत. पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून कटावा म्हणून. जोडी फुटली की तो फायदा गेला. टेबलावरची पॅच कॉर्ड कारखान्यात बनलेली, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नव्हता.

बरोबर क्रम, टी५६८बी या प्रमाणाचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते. प्लगची खिटी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि वायरीची बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून सुरुवात.

क्रिंपिंग टूल आणि टेस्टर मिळून ६०० रुपये, प्लगचं पाकीट १००. संध्याकाळी स्वतः प्लग दाबायला घेतले. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. सरळ करताना तारा तुटत होत्या. एका तारेचं प्लास्टिक सोलून ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडलं. वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरी धातू चमकली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. १२ रुपये मीटरने घेतलेली २० मीटर, २४० रुपये पाण्यात. १८ मीटरच्या अंतराला ही वायर कदाचित चाललीही असती, पण टोकाला वाकवली की मोडणारी तार पट्टीत गाडून ठेवायला मन धजेना.

८ ऑक्टोबर

शुद्ध तांब्याची कॅट ६ आणली, २८ रुपये मीटर, २० मीटरचे ५६०. या वेळी दुकानातच एक टोक खरवडून पाहिलं. दुकानदाराने काही म्हटलं नाही. विचारून घ्यायला संकोच करू नये.

जुन्या वायरीच्या टोकाला नवी चिकटपट्टीने बांधून भोकांतून ओढून घेतली. वायरमनला पुन्हा बोलवावं लागलं नाही. प्लग दाबताना वायरीचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत गेलंच पाहिजे, म्हणजे ओढ पडली तरी ती आवरणावर पडते. पीळही प्लगपर्यंत जितका टिकवता येईल तितका टिकवायचा, उगाच दोन इंच सोडून बसायचं नाही.

तीच ४० एमबीची फाइल डोळ्यांसमोर गेली. चुकांचा आकडा शून्यावरच.

१२ ऑक्टोबर

दसरा. काकांनी मशीनची पूजा केली, झेंडूची माळ पुढच्या बाजूला घातली. मागचा पंखा मोकळा ठेवला. दुपारनंतर आभाळ भरून आलं आणि विजा चमकायला लागल्या, तेव्हा राउटरची वायर काढून ठेवली. काम नाही.

१३ ऑक्टोबर

फाइल न्यायची कशी, हा आजचा विषय.

शोधलं की पहिला सल्ला मिळतो तो "एसएमबी१ चालू करा" हा. कारण एक्सपीला फाइल शेअरिंगची तेवढीच भाषा येते. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती सहसा चालू ठेवणं बंद केलं. लिनक्सवर हेच शेअरिंग करणाऱ्या सांबानेही २०१९ मध्ये ४.११ आवृत्तीपासून ती मुळात बंद ठेवली. त्यामागे कारण आहे. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच एसएमबी१ मधल्या भोकातून मशीनमागून मशीन धरत गेला होता. एका जुन्या मशीनच्या सोयीसाठी काकूंच्या लॅपटॉपवर, जिथे बँकेचं काम होतं, ते दार उघडायला मी तयार नाही. सांबामध्ये किमान भाषा कुठली हे सगळ्या बाजूंसाठी एकदमच ठरतं, त्यामुळे "फक्त काकांपुरतं उघडू" हेही सरळपणे जमत नाही.

म्हणून काकांच्या बाजूला एफटीपी, फाइल पाठवायची जुनी पद्धत. पासवर्ड उघडा जातो ही एफटीपीची बदनामी खरी आहे, पण या वायरीवर ऐकायला दोनच मशीन आहेत. मधल्या मशीनवर त्यासाठीचं व्हीएसएफटीपीडी हे सॉफ्टवेअर टाकलं आणि त्याला फक्त १९२.१६८.५०.१ वर ऐकायला सांगितलं. त्यासाठी आयपीव्ही६ वर ऐकण्याची ओळ 'नो' करून साध्या 'लिसन' ची ओळ 'येस' करावी लागते. डेबियनमध्ये ती उलटी येते.

पुढे एफटीपीने दाखवलेल्या चुकांच्या तीन आकड्यांनी दिवस घेतला.

५३०, लॉगिन चुकीचं. पासवर्ड बरोबर होता. मी या कामासाठी केलेल्या वापरकर्त्याला 'नोलॉगिन' शेल दिलं होतं, म्हणजे त्या नावाने मशीनवर बसून काही करता येऊ नये. एफटीपीची तपासणी मात्र शेलच्या यादीत ते नाव शोधते. यादीत 'नोलॉगिन' लिहिलं आणि आत शिरता आलं.

५०० ऊप्स. वापरकर्त्याला त्याच्या फोल्डरमध्ये कोंडायचं असेल तर ते वरचं फोल्डर त्याला लिहिता येण्याजोगं असून चालत नाही. ही अट सैल करायची एक ओळ आहे, पण अट चांगली आहे, ती ठेवली. वरचं फोल्डर फक्त वाचायला, त्याच्या आत दोन फोल्डर: 'आवक' मध्ये काका टाकतात, 'जावक' मधून काका उचलतात. काकांनी जन्मभर सरकारी कचेऱ्यांची रजिस्टरं छापली आहेत, त्यांना हे सांगावंही लागलं नाही.

५५०, परवानगी नाही. लिहिण्याची परवानगी देणारी ओळ आधीपासून असते, पण तिच्या सुरुवातीला # चं चिन्ह असतं, त्यामुळे ती धरली जात नाही. चिन्ह काढलं. काकांच्या मशीनवरून पेजमेकरची पहिली .पीएमडी फाइल 'आवक' मध्ये पडली.

१४ ऑक्टोबर

सकाळी काकांचा फोन, "अगं, ते कालचं चालत नाहीये." मधलं मशीन आधी चालू झालं होतं, काकांचं नंतर. काका रात्री बोर्डावरचं बटणच बंद करतात, त्यामुळे त्या बाजूला वायर असून नसल्यासारखी. डेबियनचं नेटवर्क मॅनेजर समोर कोणी नसेल तर कार्डाला पत्ताच देत नाही, आणि पत्ता नाही म्हणून एफटीपी सुरूच झालं नव्हतं. त्या कार्डाचा पत्ता इंटरफेसेसच्या फाइलमध्ये 'ऑटो' म्हणून लिहिला. आता समोरचं मशीन बंद असलं तरी पत्ता बसतो. संध्याकाळी दोन्ही क्रमांनी चालू करून पाहिलं.

१९ ऑक्टोबर

सकाळी लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. ठाण्याहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. १६० जीबीची जुनी आयडीई डिस्क मिळाली, ७०० रुपये. दुकानातच जोडून तिची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पाहिली आणि बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य असलेलीच घेतली. आयडीई डिस्क आता नवी मिळत नाही, त्यामुळे हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुपारी काकूंची बाजू. सांबा फक्त राउटरकडच्या कार्डावर बांधलं, किमान भाषा जशी येते तशीच ठेवली. लॅपटॉपच्या 'नेटवर्क' मध्ये मशीन आपणहून दिसत नाही, कारण ती जुनी हाकाटीची पद्धत एसएमबी१ बरोबरच गेली. वाट पाहत बसू नका. वर पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, मधल्या मशीनचा घरच्या बाजूचा पत्ता आणि शेअरचं नाव टाकलं की उघडतं. त्याला 'के' ड्राइव्ह म्हणून जोडून दिलं. राउटरमध्ये तो पत्ता पक्का करून घेतला, नाहीतर एक दिवस बदलतो.

आता गिऱ्हाइकाचा फोटो व्हॉट्सॲपवर आला की काकू तो 'जावक' मध्ये टाकतात, काका उचलतात. तयार पीडीएफ 'आवक' मधून काकू प्रेसला ईमेल करतात. 'जावक' मध्ये फक्त फोटो जातील, चालवायची कुठलीही फाइल नाही, हे दोघांशी बोलून ठरवलं.

२० ऑक्टोबर

काकांसाठी डेस्कटॉपवर एक बटण हवं होतं. बॅच फाइल केली, ती एक्सपीच्या एफटीपीला ओळीने आज्ञा देते. 'बिन' (फाइल जशीच्या तशी पाठव) ही आज्ञा विसरू नका, कारण एक्सपीचं एफटीपी मुळात मजकुराच्या पद्धतीने सुरू होतं. दोन अडचणी आल्या. ते फोल्डरच्या आतले फोल्डर पाठवत नाही. आणि देवनागरी नावाच्या फाइलींची नावं प्रश्नचिन्हं होऊन अडकली. उपाय सरळ केला: 'आज' या अर्थाचं एकच फोल्डर, आत उपफोल्डर नाही, फाइलींची नावं रोमन अक्षरांत आडनाव आणि महिना. काकांची नावं बहुतेक तशीच होती.

'आवक' मध्ये पडणं म्हणजे बॅकअप नव्हे. काकांच्या मशीनवर फाइल बिघडली तर बिघडलेलीच येऊन चांगलीवर बसेल. म्हणून रोज 'आवक' ची प्रत तारखेच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. प्रत करणारं आरसिंक न बदललेल्या फाइलींना आधीच्या प्रतीशी नुसती जोडणी देतं, त्यामुळे जागा फक्त नव्याला लागते. एफटीपीच्या वापरकर्त्याला ते फोल्डर दिसतच नाही.

रात्री दोनला चालवायचं ठरवलं होतं, पण रात्री मशीन बंद असतं. मग रोजच्या कामांच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट ठेवली, तिथे चुकलेलं काम अनाक्रॉन मशीन चालू झाल्यावर करतं.

२३ ऑक्टोबर

तारखेचं एकही फोल्डर तयार झालेलं नाही. स्क्रिप्ट हाताने चालवली तर बिनतक्रार चालते. कारण फाइलच्या नावात, शेवटी '.एसएच' होतं. त्या फोल्डरमधल्या ज्या नावात टिंब असतं ती फाइल डेबियन चालवतच नाही, आणि तक्रारही करत नाही. टिंब आणि पुढची अक्षरं काढली. बॅकअप लावल्यावर दोन-तीन दिवसांनी तो खरंच होतोय का ते उघडून पाहाच.

२६ ऑक्टोबर

डिस्क बदलली. इमेज १६० जीबीच्या डिस्कवर उतरवली, जंपर जुन्या फोटोप्रमाणे बसवला, काकांच्या मशीनमध्ये लावली. एक्सपीने पहिल्याच वेळी डिस्क तपासायला घेतली, ते पूर्ण होऊ दिलं. श्रीलिपीने डाँगल ओळखलं. कट्-कट् आवाज बंद. जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून, तारीख लिहून कपाटात.

मग खरी परीक्षा. काकांना एक जुनी, फारशी गरज नसलेली पत्रिका त्यांच्या मशीनवरून काढून टाकायला सांगितली. तीच फाइल तारखेच्या फोल्डरमधून 'जावक' मध्ये आणली, काकांनी उचलली, पेजमेकरमध्ये उघडली. त्यांनी चष्मा लावून 'श्री', 'कृपाभिलाषी' आणि 'आर्शीर्वाद' अशी अक्षरं तपासली, मग थांबले आणि म्हणाले, "हे 'आशीर्वाद' तेव्हाच चुकीचं गेलंय. रफार नको तिथे." म्हणजे फाइल जशीच्या तशी आली आहे. ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून पाहिली, तीही बरोबर.

प्रिंटर नेटवर्कवर आणला नाही. तो काकांच्या शेजारीच आहे, प्रिंट त्यांनाच हवी असते.

खर्च: ॲडॉप्टर ५५०, बॅटरी ३०, वाया गेलेली वायर २४०, तांब्याची वायर ५६०, प्लग १००, टूल आणि टेस्टर ६००, डिस्क ७००, केसिंग १८०, वायरमन ४००. एकूण ३,३६० रुपये. वायर आधीच खरवडून घेतली असती तर २४० वाचले असते. विजेचं म्हणाल तर मधलं मशीन साधारण ६० वॅट धरलं आणि दिवसाला दहा तास, तर महिन्याला १८ युनिट.

राहिलेलं एक काम मदरबोर्डचं. पॅरलल पोर्ट आणि आयडीई दोन्ही असलेला एखादा जुना बोर्ड हाताशी ठेवायचा आहे. ही डिस्क वेगळ्या चिपसेटच्या बोर्डावर नुसती नेऊन लावली तर एक्सपी ७बी क्रमांकाच्या निळ्या पडद्यावर अडकू शकतं, कारण त्याला डिस्कपर्यंत नेणारा ड्रायव्हर जुन्या बोर्डाचा असतो. म्हणून शक्यतो त्याच चिपसेटचा बोर्ड शोधतेय. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराकडे नंबर लिहून ठेवलाय.